स्टोअरची खिडकी बंद केली तेव्हा

माझं काम चौकोन आणि बाण काढण्याचं आहे. म्हणूनच ताई मला 'बाणवाली' म्हणते. ती सांगलीत शाळेत गणित शिकवते. धाकटी बहीण परदेशात जाऊन, दोन-दोन पदव्या घेऊन, भिंतीवर खाकी कागद चिकटवून त्यावर स्केचपेनने बाण काढते आणि त्याचा पगार घेते, हे तिला आजतागायत पटलेलं नाही. मी तिला एकदा नीट समजावायला बसले. कंपनीत एक गोष्ट बदलली की तिचा धक्का कुठेकुठे बसतो ते आधी कागदावर शोधायचं. इथे वेळ वाचवला तर तिथे काय बिघडेल, नवं यंत्र आणलं तर जुन्या सवयींचं काय होईल, आज स्वस्त पडलेलं पाच वर्षांनी महाग तर पडणार नाही ना, हे सगळं एकत्र बघायचं.

"म्हणजे सासूबाईंना न विचारता फ्रिज आणला तर काय होईल, तेच ना?" ताई म्हणाली.

तेच. फक्त आम्ही त्याला सिस्टिम्स थिंकिंग म्हणतो आणि त्यासाठी मीटिंग घेतो.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये मला नऊ वर्षं झाली. आमची कंपनी शहराच्या कडेला, कालव्यालगत आहे. चिप बनवणाऱ्या यंत्रांना लागणारे व्हॅक्यूम पंप आम्ही दुरुस्त करतो. या गावातल्या बड्या कंपन्यांपुढे आम्ही किस झाड की पत्ती, पण आमचे टेक्निशियन रोज सकाळी व्हॅन घेऊन त्यांच्याकडेच जातात. बिघडलेला पंप काढायचा, दुरुस्त केलेला बसवायचा, जुना परत आणायचा. आणलेला जुना पंप शक्यतो भंगारात जाऊ द्यायचा नाही, यावर कंपनीचा सगळा अभिमान उभा आहे. वेबसाइटवर हिरव्या पानांचे फोटो आहेत ते त्यामुळेच.

इथली माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून उगाच गैरसमज व्हायचा. बारा वाजता सगळे डब्यातून ब्रेड काढतात, पंधरा मिनिटांत खाऊन संपवतात आणि इमारतीभोवती एक चक्कर मारतात. मलाही बोलावतात. चालताना मी हवामानावर बोलते, ते भारतातल्या हवामानाविषयी विचारतात, तेवढ्यात चक्कर संपते. पाच वाजता जो तो आपापल्या सायकलवर बसतो. त्यानंतरचा वेळ घरच्यांचा, आणि तो डायरीत तीन आठवडे आधीच भरलेला असतो. मराठी मंडळात पहिली काही वर्षं गेले. तिथे सगळे जोडीने आणि मुलाबाळांसकट. गणपतीच्या आरतीनंतर हातात मोदक देताना "एकट्याच आलात?" असं कोणीतरी प्रेमाने विचारायचंच. प्रेमानेच विचारायचे, तरी मी जायचं बंद केलं. माझा स्वभाव तुसडा आहे असं ताई म्हणते. असेलही.

तर अशा माझ्या दिवसात दहा मिनिटं होती. सकाळी साडेनऊला मी खाली स्टोअरच्या खिडकीशी जायची.

स्टोअरचे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. उंच, किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल. एकोणीस वर्षं त्या खिडकीमागे उभे होते. मी त्यांना पहिल्यांदा डचमध्ये आदरार्थी हाक मारली तर म्हणाले, "मी काय राजा आहे का? तू म्हण." तेव्हापासून तोंडाने 'तू' आणि मनात 'अहो', असा माझा संसार चालला होता. त्यांच्याकडे थर्मासमध्ये गाळलेली कॉफी असायची, कारण वरच्या मशीनच्या कॉफीला ते कॉफी मानायचे नाहीत. मला डच जी काही येते ती त्या खिडकीशी आली. चुकले की दुरुस्त करायचे, आणि हसू आलं तर हसायचे. बाकी सगळे माझी डच ऐकून लगेच इंग्रजीवर उतरतात. ते कधी उतरले नाहीत.

सकाळी खिडकीपुढे टेक्निशियनांची रांग असायची. आदल्या दिवशीचे जुने पंप परत करायचे, नवे घ्यायचे. मी कडेला उभी राहून कॉफी प्यायची आणि ऐकायची. "हा काय म्हणत होता?" असं ते प्रत्येक पंपाबद्दल विचारायचे, एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं. टेक्निशियन सांगायचा आणि ते कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहून पंपावर लावायचे. 'पंधरा दिवस शिट्टी वाजत होती.' 'आत पाणी, बेअरिंग चांगलं.' एकदा लिहिलं होतं, 'जिन्यावरून पडला. पंपाची चूक नाही.'

त्यांच्या वाढदिवसाला एकदा मला घरी बोलावलं. शेजारच्या गावात, चर्चच्या मागे त्यांचं घर. बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचं कडं करून वीस माणसं बसली होती आणि आत येणारा प्रत्येक जण इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचंच अभिनंदन करत होता. मीही वीस जणांचं अभिनंदन केलं आणि वीस जणांनी माझं केलं. केकचा एक तुकडा मिळाला. मी खूप खूश होते. नऊ वर्षांत मी इथल्या माणसाच्या घरात बसले ती तेवढी एकच वेळ.

मग तो प्रकल्प आला. आमची मॅनेजर पन्नाशीची, सरळ, चांगली बाई. ती म्हणाली, टेक्निशियनांची सकाळ रांगेत वाया जाते, व्हॅन उशिरा निघतात, गर्दीत अडकतात, इंधन जळतं. काहीतरी करायला हवं. हे काम माझंच होतं. मी तीन दिवस भिंतीवर कागद लावला, सगळ्या विभागांना बोलावलं. स्टोअरच्या गृहस्थांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "मी वर आलो तर खिडकीत कोण उभं राहील?" मी हसले आणि त्यांचा चौकोन त्यांच्या गैरहजेरीत काढला. त्यात लिहिलं, 'थांबण्याचा वेळ'.

हे लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो. त्या खिडकीशी सगळ्यात जास्त उभी राहणारी मी होते. पंपांच्या चौकश्या रोज माझ्या कानावर पडत होत्या. पण ती माझी कॉफीची वेळ होती, माझी खाजगी दहा मिनिटं. कामाचं असं मी त्यात काही धरलंच नव्हतं. वर जाऊन कागदापुढे उभी राहिले की मी दुसरीच बाई व्हायची. भिंतीवर चाळीस-पन्नास बाण होते. टेक्निशियनच्या तोंडून निघून चिकटपट्टीवर जाणारा बाण त्यात नव्हता.

उपाय सोपा होता. कुलपांची कपाटं घ्यायची. कार्ड दाखवलं की दार उघडतं, नवा पंप घ्यायचा, जुना दुसऱ्या कपाटात ठेवायचा, पडद्यावर बिघाडाचं कारण निवडायचं. कारणांची यादी मीच केली. बैठकीच्या शेवटी इथे टेबलाभोवती एक फेरी होते, प्रत्येकाने आपलं मत सांगायचं असतं. माझी पाळी आली. कपाटं आली की खिडकी जाणार, हे मला कळत होतं. पण ते दुःख माझं होतं, आणि माझ्या कॉफीसाठी कंपनीने रांग चालू ठेवावी असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मी म्हटलं, "मला काही हरकत नाही."

कपाटं आली. पहिल्या महिन्यात रांग संपली. मोठ्या पडद्यावर रांगेच्या वेळेचा माझा आलेख हिरवा झाला. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, केक आला, लोकांनी येऊन हात मिळवले. ताईला मी फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, केकवर काय लिहिलं होतं तेसुद्धा. कौतुकाला मी इतकी भुकेली होते की त्या दिवशी खिडकीवर फळी ठोकताना मी तिकडे पाहिलंच नाही.

स्टोअरच्या गृहस्थांना कोणी काढलं नाही. इथे तसं करत नाहीत. त्यांना दुसऱ्या मजल्यावर प्रिंटरशेजारी टेबल दिलं आणि कपाटांच्या नोंदी तपासायचं काम दिलं. माझं टेबल त्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडच्या टोकाला. मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, स्थिरस्थावर होऊ देत. दुसऱ्या दिवशी वाटलं, काय बोलणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी दुरून हात केला. मी हातातल्या फोनकडे बघत राहिले. त्यानंतर मी मागच्या जिन्याने यायला लागले. प्रिंट काढायची वेळ आली तर खालच्या मजल्यावर काढायची. थर्मास त्यांनी वर आणला होता, एवढं मला लांबून दिसलं होतं.

साधारण दोन महिन्यांनी दुरुस्तीच्या टेबलावरच्या पोलिश कारागिराने मला खाली बोलावलं. त्याने एक पेटी उघडली. आत आठ पंप, एकावरही चिकटपट्टी नाही. मग त्याने पडद्यावरच्या नोंदी दाखवल्या. कारण: इतर. कारण: इतर. कारण: इतर. सकाळी घाईत असलेल्या माणसाने माझ्या सुंदर यादीतलं पहिलं दिसेल ते बटण दाबलं होतं.

"याला काय झालं होतं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "माहीत नसलेला पंप परत लावायचा नाही, असा नियम आहे. पूर्ण उघडून बघायला अर्धा दिवस लागतो. एवढा वेळ मला कोण देतं?" मग त्याने बोटाने भंगाराचा पिंजरा दाखवला. तो काठोकाठ भरला होता. पूर्वी तो महिन्यातून एकदा रिकामा करायचे. आता दर आठवड्याला गाडी येत होती, आणि तेवढेच नवे पंप परदेशातून मागवले जात होते. वाचवलेलं इंधन त्या एका पिंजऱ्यात बुडालं होतं.

मी तिथे उभी राहिले आणि मला तो न काढलेला बाण दिसला. इतका ठळक, की माझ्या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या पोरीनेही काढला असता.

त्याच दिवशी वर जाऊन सांगायला हवं होतं. मी तीन आठवडे मूग गिळून बसले. कारण काही थोर नव्हतं. हिरवा आलेख अजून पडद्यावर होता आणि त्याखाली माझं नाव होतं. जेवणानंतरच्या चकरेत लोक आता माझ्याशी पंपांवर बोलायला लागले होते. ते परत हवामानावर जातील, याची मला भीती वाटत होती. ताईला मात्र सगळं सांगितलं.

"तू त्या माणसाला विचारलंस?" ताई म्हणाली.

"काय विचारू?"

"काय म्हणजे? की तुम्ही हे काय लिहीत होतात, आणि आता कोण लिहिणार? एवढी वर्षं कॉफी पितेस त्यांच्याकडची."

"विचारते," मी म्हटलं.

त्या तीन आठवड्यांत त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मला ते सगळ्यांना आलेल्या ईमेलमधून कळलं. निरोपाला केक होता, त्यांनीच आणलेला, इथल्या पद्धतीप्रमाणे. मी त्या दुपारी ॲमस्टरडॅमला एका ग्राहकाकडे काम काढलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी तोंड उघडलं. आढावा बैठकीत हिरव्या आलेखाशेजारी भंगाराच्या फेऱ्यांचा कागद लावला आणि सांगितलं की माझा नकाशा चुकला, आणि कुठे चुकला. आपल्याकडे असं काही बोललं की आधी शांतता पसरते, मग कोणीतरी सावरून घेतं. इथे मॅनेजरने फक्त विचारलं, "मग आता काय करायचं?" मी म्हटलं, खिडकी आठवड्यातून तीन सकाळी उघडायची, जुने पंप तिथेच परत घ्यायचे, कपाटं फक्त नव्यांसाठी ठेवायची. फेरी झाली. कोणाची हरकत नव्हती. मॅनेजर म्हणाली, "चांगलं झालं तू सांगितलंस. त्यांना परत यायचंय का, ते आपण पत्राने विचारू. पुढच्या आठवड्यात जाईल." पाच मिनिटांत संपलं. ज्यासाठी मी तीन आठवडे झोप घालवली ते पाच मिनिटांत संपलं, आणि ते तीन आठवडे मध्ये गेले नसते तर स्टोअरचे गृहस्थ अजून वर प्रिंटरशेजारी बसलेले असते.

मला पत्राची वाट बघवेना. खिडकी कोणीही उघडली असती, चिकटपट्टीवर लिहायला कोणालाही शिकवता आलं असतं, हे मला माहीत होतं. मला माणूस हवा होता. साडेनऊला खाली जाऊन चुकीची डच बोलायला मला तेच हवे होते, दुसरं कोणी नको होतं. आणि माफी मागायची होती. संध्याकाळी मी सायकल काढली आणि त्यांच्या गावाच्या रस्त्याला लागले. समोरून वारा होता. न कळवता इथे कोणी कोणाच्या दारात जात नाही, हे मला नऊ वर्षांत नीट कळलं होतं. पण सांगलीत आपण कधी कळवून गेलो, असं म्हणत मी पेडल मारत राहिले.

सहा वाजले होते. म्हणजे जेवणाची वेळ. खिडकीतून टेबल दिसत होतं, उकडलेल्या बटाट्यांचं भांडं, दोन ताटल्या. बेल दाबल्यावर मला वाटलं, पळून जावं.

दार त्यांनीच उघडलं. कानावर पेन्सिल नव्हती, त्यामुळे चेहरा अर्धवट ओळखीचा वाटत होता. त्यांनी आत बोलावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं भडाभडा सांगितलं. चिकटपट्टी, पिंजरा, बैठक, तीन सकाळी. डच तुटली तिथे इंग्रजी घातली. त्यांनी पहिल्यांदाच चुका दुरुस्त केल्या नाहीत.

"मी दोन महिने वर होतो," ते म्हणाले. "प्रिंटरजवळ."

"माहीत आहे."

"रोज दोन कप आणायचो."

आतून त्यांच्या बायकोने काहीतरी विचारलं, त्यांनी मान वळवून "आलोच" म्हटलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, पंपाबद्दल विचारायचे तसं.

"तुला त्यांनी पाठवलंय, की तू आली आहेस?"

मला कोणीच पाठवलं नव्हतं. पत्र पुढच्या आठवड्यात जाणार होतं. मी दहा किलोमीटर वाऱ्यात सायकल मारत आले होते, कारण मला त्यांची आठवण येत होती आणि माझ्या दिवसात बोलायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तेवढं म्हणायचं होतं. तीन शब्दांचं वाक्य होतं आणि ते मला त्यांच्याच खिडकीशी शिकलेल्या भाषेत येत होतं. पण एका माणसाच्या दारात, त्याच्या जेवणाच्या वेळी, चाळिशी ओलांडलेल्या बाईने 'मी एकटी पडले' असं कसं म्हणायचं? लाज वाटली. कामासाठी आले म्हटलं की निदान ताठ उभं राहता येतं.

"त्यांनी पाठवलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग त्यांना सांग, पत्र पाठवा म्हणावं. माझं उत्तर नाही असं आहे, पण ते मी लिहून देईन." मग ते म्हणाले, "अंधार पडायच्या आत जा. सायकलला दिवा आहे ना?"

"आहे."

"ठीक," ते म्हणाले, आणि दार लावलं.

परतताना वारा पाठीशी होता. घरी पोचून मी कोट न काढताच खुर्चीत बसले. तेवढ्यात ताईचा फोन आला. बैठकीनंतर मी तिला सांगितलं होतं की आज जाणार म्हणून, त्यामुळे ती जेवणंखाणं उरकून वाट बघत बसली होती.

"काय म्हणाले गं ते?"

"घरी नव्हते," मी म्हटलं.

"अगं बाई! एवढ्या लांब जाऊन? मग उद्या जा परत."

मी "हो" म्हटलं, आणि गेले नाही.